पाचव्या मोहिमेचे निमंत्रक

“चारही मोहिमा खेळून झाल्या की पुढे काय करायचं?”

प्रश्न चित्राचा आणि सरोजचा होता. मालूचं फक्त तोंड होतं. दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याला भरलेल्या प्रदर्शनात ‘किल्लेदार’ या खेळाचा स्टॉल होता, स्टॉलमागे तो खेळ बनवणारे वासुदेव टिपणीस स्वतः उभे होते आणि स्टॉलपुढे साठेक माणसं होती. चित्रा मागून कुजबुजली, “हिंमत असेल तर विचार. नाय विचारलंस तर सुट्टी संपल्यावर आठवडाभर माझं दप्तर तू उचलायचं.” मालूने चित्राच्या दप्तराचं वजन आठवलं आणि हात वर केला.

टिपणीस साठीचे होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी मालूकडे चष्म्यावरून पाहिलं. “बाळ, चारही झाल्या की पुन्हा पहिलीपासून खेळायचं.”

“पण आता आम्हाला माहितीय ना, फितूर कोण आहे ते.”

माणसं हसली. टिपणीस हसले नाहीत. “मग ते विसरायचं,” ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

झालं ते एवढंच. पण त्या दिवशी मालूला एक शोध लागला. साठ माणसांपुढे प्रश्न विचारला तरी विचारणाऱ्याला काही होत नाही. नववीपर्यंत ही गोष्ट तिला कोणी सांगितलीच नव्हती. पुढच्या महिनाभरात तिने गणिताच्या बाईंना, रेशनच्या दुकानदाराला आणि लग्न ठरलेल्या मावसबहिणीला बरेच प्रश्न विचारले, आणि तिघांनीही तिच्या आईकडे तक्रार केली.

‘किल्लेदार’ हा काही पटावर सोंगट्या सरकवायचा खेळ नव्हता. डब्यात दोन फासे, नियमांचं एक पुस्तक आणि चार पातळ पुस्तिका होत्या. त्या पुस्तिका म्हणजेच मोहिमा. एकाने किल्लेदार व्हायचं, मोहीम वाचून ठेवायची आणि गोष्ट सांगायला लागायचं. बाकीच्यांनी हेर, शिलेदार, गवंडी असं कोणीतरी व्हायचं आणि “मी आता हे करतो” म्हणायचं. ते जमलं की फसलं, हे फासे ठरवणार. तिघी मैत्रिणी चित्राच्या गच्चीवर खेळायच्या. पण एका मोहिमेत फितूर एकच असतो आणि तो एकदा सापडला की सापडला. दुसऱ्यांदा खेळताना सरोज पहिल्याच वाक्याला त्याच्या कानाखाली मारायची आणि मोहीम दीड मिनिटात संपायची.

म्हणून मालूने पाचवी मोहीम स्वतः लिहिली.

डब्यातल्या चारही मोहिमा घाटावरच्या होत्या. कडे, दोर, दऱ्या. कड्यावरून पडलेलं माणूस मालूच्या माहितीत एकही नव्हतं. चिखलात रुतलेले मात्र घरातच तिघं होते. तिचा आजा राघो मिठागरात राबलेला, त्याला खाडीच्या भरती-ओहोटीच्या वेळा अजून पाठ होत्या. मालूने त्या त्याच्याकडून उतरवून घेतल्या आणि मोहिमेला नाव दिलं ‘खाडीचा पहारा’. तिच्यात हेराला ओहोटीला खाडी ओलांडायची असते, आणि फितूर त्याला भरतीची वेळ चुकीची सांगतो. चित्रा दोनदा बुडाली. सरोज तर हट्टाला पेटून चारदा बुडाली आणि म्हणाली, “ही एकदम भारी आहे. छापायला पाहिजे.”

छापणं ही काही अडचण नव्हती. मालूचे वडील पंढरी केणे यांचा डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांच्या म्हणजे खिळ्यांच्या सहा केसेस, आणि पाकिटं चिकटवायला मालूची आई कलावती. छापखान्यात मुख्य काम लग्नपत्रिकांचं. खाडीकाठच्या गावांतली पत्रिका म्हणजे साधी गोष्ट नव्हे. नवरा-नवरी राहतात दोन ओळींत. बाकीचा कागद लागतो काका, मामा, आत्या, गावकी, भजनी मंडळ आणि क्रिकेटची टीम यांना. कोण कोणाच्या वर, कोण निमंत्रक, कोण व्यवस्थापक आणि कोण नुसताच ‘आपला नम्र’, हे पंढरी बरोबर सांगायचा. लोक भटजीकडे मुहूर्त काढून आले की यादी घेऊन आधी पंढरीकडे यायचे.

त्याला हे शहाणपण एका चुकीतून आलं होतं. सात वर्षांपूर्वी दिवा गावातल्या एका लग्नाच्या पत्रिकेत नवरीच्या मामाचं नाव त्याच्या हातून राहिलं. मामा रुसून घरीच बसला. आता मामाशिवाय नवरीला मांडवात आणणार कोण? मुहूर्त टळला. शेवटी पंढरी स्वतः रिक्षाने गेला, हाताने लिहिलेली नवी पत्रिका मामाच्या पायाशी ठेवली आणि त्याला घेऊन आला. तेव्हापासून त्याचा एकच नियम होता. ज्याचा थोडासुद्धा मान लागतो, त्याचं नाव टाकून मोकळं व्हायचं. जादा नावाने कोणाचं वाईट होत नाही.

त्याने ‘खाडीचा पहारा’च्या पाचशे प्रती छापल्या, त्याही लग्नाचा सीझन चालू असताना. मालू शाळेतून येऊन टाचण्या मारायची. मग जाहिरातीचं हँडबिल करायचं ठरलं, तेही पंढरीनेच जुळवलं. मालूने प्रूफ वाचलं, म्हणजे त्यातलं स्वतःचं नाव तीन वेळा वाचलं आणि बाकीचं बरोबर असणार असं धरलं. पेपरवाल्याने दोन हजार हँडबिलं डोंबिवली, कल्याण आणि शहाडच्या पेपरांत घालून वाटली. त्यावरचा मजकूर असा होता:

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥
आमचे येथे श्रीकृपेकरून
सुप्रसिद्ध खेळ
किल्लेदार
याची पाचवी मोहीम ‘खाडीचा पहारा’ रविवार दि. १९ जानेवारी १९९२ रोजी सकाळी १० वाजून १२ मिनिटांनी प्रसिद्ध करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार लाभ घ्यावा, ही नम्र विनंती.
निमंत्रक : श्री. वासुदेव टिपणीस (खेळाचे कर्ते), नौपाडा, ठाणे
लेखिका : कु. मालती पंढरी केणे
पुस्तिका मिळण्याचे ठिकाण : कलावती प्रिंटिंग प्रेस, डोंबिवली (प.)

‘किल्लेदार’ हा शब्द छत्तीस पॉइंटात होता. पंढरीकडे त्याहून मोठा खिळा नव्हता. टिपणिसांचा पत्ता त्याने खेळाच्या डब्यावरून घेतला. मालूच्या नावाचे खिळे सगळ्यांत बारीक होते, कारण ती वयाने लहान.

एकोणीस तारखेला सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी छापखान्यात काहीही घडलं नाही. नौपाड्यात घडलं. शहाडहून एक आणि कळव्याहून एक, अशी दोन कुटुंबं टिपणिसांच्या दारात उभी राहिली. मिळून अकरा माणसं. कळव्याची मंडळी घरात कोणी हँडबिल आणून दिलं म्हणून आली होती, आणि शहाडच्या बाईंनी बेसनाचे लाडू आणले होते. कशाचं निमंत्रण आहे ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण टिपणिसांचं नाव निमंत्रक म्हणून छापलेलं होतं. टिपणीसबाईंनी अकरा माणसांचा चहा केला. सगळे साडेअकरापर्यंत बसले आणि ‘छान झालं’ म्हणून गेले.

बुधवारी छापखान्यात रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस आली. ‘किल्लेदार’ हे आमच्या अशिलाचं नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. आपण ते परवानगीशिवाय वापरून, आपला माल आमच्या अशिलाचाच असल्याचा आभास निर्माण केला आहे. सबब सात दिवसांच्या आत सर्व प्रती नष्ट कराव्यात, अन्यथा ठाण्याच्या कोर्टात पुढील कारवाई करण्यात येईल.

पंढरीने नोटीस दोनदा वाचली आणि स्टुलावर बसला. “एवढी वर्षं मानसं माझ्याशी नाव नाय टाकलं म्हनून भांडली,” तो म्हणाला. “नाव टाकलं म्हनून भांडनारा पयलाच.”

“वरती टाकलास ना त्यांचं नाव?” कलावतीने विचारलं.

“एकदम वरती. निमंत्रक.”

“मंग काय पायजे त्यांना?”

पंढरीला कोर्ट ठाऊक होतं. मिठागराच्या जमिनीची केस त्याच्या काकाने तिथे चौदा वर्षं लढवली होती आणि केस चालू असतानाच काका गेला. त्याने सुतळी काढली. “शनवारी रद्दीवाला येतो. पाचशेच्या पाचशे देऊन टाकतो.”

“बाबा, माझी मोहीम आहे ती.”

“तुझी हाय म्हनून तर. कोर्टात नाव तुझं पन जाईल. अजून दहावी नाय झाली तुझी.”

मालूने त्याच्याकडे शनिवारपर्यंत मुदत मागितली. संध्याकाळी तिघी मैत्रिणींनी गच्चीवर बसून हँडबिल नव्याने लिहिलं, या वेळी खेळाच्या नावाशिवाय. ‘एका सुप्रसिद्ध खेळाची नवी मोहीम.’ दुसऱ्या दिवशी मालू ते घेऊन स्टेशनजवळच्या खेळण्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने वाचलं. “कुठल्या खेळाची?”

“ते लिहायचं नाहीये.”

“मग मी गिऱ्हाइकाला काय सांगू? त्याने घरी नेऊन बुद्धिबळाबरोबर खेळायची काय?”

“तुम्ही तोंडी सांगा ना.”

“म्हणजे नोटीस मला येईल,” दुकानदार म्हणाला. त्याला नोटिशीबद्दल कोणी सांगितलं होतं कोण जाणे, बहुतेक सरोजने. “ए पोरी, नाव नसलेला माल मी ठेवत नाय. घेऊन जा.”

म्हणजे नाव टाकलं तर कोर्ट, आणि नाही टाकलं तर रद्दी. शुक्रवारी मालूने शाळा बुडवली. वडिलांना म्हणाली, “आपण त्यांना जाऊन विचारू, नेमकं काय खुपलं ते. विचारलं तर काय होतंय?” पंढरीला काय काय होऊ शकतं याची यादी बरीच लांब होती. पण दिव्याच्या मामाकडेसुद्धा तो स्वतः गेला होता, तेव्हा मोठ्या माणसाकडे जाऊन हात जोडणं त्याला पटलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, अर्धा किलो पेढे घेतले आणि सवयीने पत्रिकांच्या नमुन्यांचा अल्बमही काखेत मारला. अल्बम न घेता तो कोणाकडेच जात नसे. शिळफाट्यावरून फिरत बस ठाण्याला पोचेपर्यंत दीड तास लागला, आणि तेवढ्या वेळात तो दोनच वाक्यं बोलला. दोन्ही पेढे सांभाळण्याबद्दल होती.

टिपणिसांच्या दिवाणखान्यात नोटीस पाठवणारे वकील चौबळ काही कामासाठी येऊन आधीच बसले होते. पोरसवदा होते, पण आवाज जाड होता. टिपणीसबाईंनी पाणी आणलं आणि पंढरीला म्हणाल्या, “त्या शहाडच्या मंडळींना सांगा, त्यांचा लाडवांचा डबा इथेच राहिलाय.”

पंढरी उठून उभा राहिला. घाबरला की तो पत्रिकेच्या भाषेत बोलायचा. “आपले चरणी विनंती विशेष,” तो म्हणाला, “आमचे हातून मानपानात काही उणे राहिले असल्यास क्षमस्व.”

“उणं?” टिपणीस म्हणाले. “अहो, तुम्ही मला न विचारता माझ्या नावाने माणसं बोलावलीत. मला निमंत्रक केलंत.”

“मंग काय करायला पायजे होतं? खेळ तुमचा. तुमाला खाली कसं टाकनार?”

“मला कुठेच टाकायचं नव्हतं.”

पंढरीने मालूकडे असं पाहिलं, जणू विचारत होता, या माणसाची तब्येत बरी आहे ना? मालूला मात्र तेवढ्यात काय झालंय ते लख्ख कळलं. तिने वडिलांच्या काखेतला अल्बम ओढला आणि एक पत्रिका काढून टीपॉयवर ठेवली.

“काका, ही बघा. हे निमंत्रक. म्हणजे लग्न यांच्या घरचं, जेवण यांचं, काही बिघडलं तर बोलणी यांना. बरोबर?”

“तू प्रदर्शनातली ना?” टिपणीस म्हणाले.

“हो. आणि हे इथे खाली बघा. विवाहस्थळ. कल्याणचा हॉल आहे हा. हॉलवाल्याला न विचारता त्याचं नाव छापलंय. त्याने कधी नोटीस पाठवली?”

“तो का पाठवेल?” वकील म्हणाले. “लग्न त्याचं आहे असं कोणीच समजत नाही.”

“मग तेच. त्याचं नाव नसेल तर वऱ्हाड जाणार कुठे? बाबांनी काकांना निमंत्रकांत घातलं. त्यांना विवाहस्थळात घालायला पाहिजे होतं. माझी मोहीम खेळायची कुठे, तर ‘किल्लेदार’मध्ये. मोहीम कोणाची, तर माझी.”

वकिलांनी पत्रिका हातात घेतली. वकील असले तरी त्यांचं लग्न ठरलेलं होतं, त्यामुळे पत्रिका ते जरा जास्तच निरखून पाहत होते. “समजा हॉलचं नाव नवरा-नवरीपेक्षा मोठं छापलं,” ते म्हणाले, “तर?”

“तसं छापीतच नाय,” पंढरी एकदम म्हणाला. आता विषय त्याच्या हातात आला होता. “नवरा-नवरी चोवीस पॉइंट. हॉल बारा पॉइंट. हॉल मोठा केला तर मानसं बोलतील, हॉलवाल्यानंच लगीन लावलं.”

“आणि हँडबिलावर ‘किल्लेदार’ तुम्ही किती पॉइंटात छापलंत?”

पंढरीने पेढ्यांचा पुडा वकिलांपुढे सरकवला. “छत्तीस,” तो म्हणाला.

मग सगळं भराभर झालं. ‘किल्लेदार’ बारा पॉइंटात, तेसुद्धा तळाशी. निमंत्रक कोणीही नाही. मुहूर्त नाही. आणि एक ओळ: ‘ही मोहीम खेळण्यासाठी किल्लेदारचा मूळ डबा लागतो, तो वेगळा घ्यावा. मूळ खेळाच्या कंपनीचा या पुस्तिकेशी संबंध नाही.’ वकिलांनी ती वहीत उतरवून घेतली. पाचशे प्रतींची, ‘किल्लेदार’ मोठं छापलेली जुनी मुखपृष्ठं काढून नवी लावायची आणि त्यातली एक वकिलांकडे पाठवायची, म्हणजे नोटीस मागे. तेवढ्यात वकिलांनी पंढरीला मऊ आवाजात विचारलं, की आत्याबाई विधवा असतील तर त्यांचं नाव कुठल्या रांगेत घेतात. पंढरीने ते नीट समजावून सांगितलं.

टिपणीस या बोलण्यात नव्हते. ते ‘खाडीचा पहारा’ वाचत होते. “चिखलात रुतलेला माणूस सहा तास खेळाबाहेर?” त्यांनी पानावरून नजर न काढता विचारलं.

“भरती येईपर्यंत,” मालू म्हणाली.

“आणि भरती आली की?”

“बुडतो.”

टिपणिसांनी उरलेली पानंही संपवली आणि चष्मा काढला. “मला अशी सुचली नसती,” ते म्हणाले. “मी सदाशिव पेठेत वाढलो.” मग ते जरा पुढे सरकून बसले. “केणे, हँडबिलं सोडा. ही मोहीम मी घेतो. पुढच्या डब्यात पाचवी म्हणून घालतो. नागपूर, कोल्हापूर, सगळीकडे जाईल. योग्य मानधन देईन. तुमच्या पाचशे प्रती माझ्याकडे जमा करा. झगडाच नको.”

“तिचं नाव?” पंढरीने विचारलं.

“डब्यात कोणाचंच नाव नसतं. माझंही नाही, पत्ता फक्त आहे. खेळणाऱ्याला लिहिणारा दिसता कामा नये, असं माझं मत आहे. मत बरोबरच असेल असं नाही, पण वीस वर्षं तेच आहे. सोमवारी कळवा.”

परतीच्या बसमध्ये पंढरी खुलला. नागपूर, तो म्हणाला. कोल्हापूर. त्याच्या छापखान्यातलं काहीही आजवर शहाडच्या पलीकडे गेलं नव्हतं. ठाण्याचे मोठे साहेब, वकील, कोर्ट नाही की रद्दी नाही, वर मानधन. मालू खिडकीतून बाहेर बघत होती. नागपूरला मुलं भरतीची वेळ विचारत बुडतील, याचा तिला खूप आनंद झाला. ती मोहीम कोणी लिहिली हे त्यांना कधीच कळणार नाही, हे ध्यानात येताच तो आनंद आखडला. मग पुन्हा झाला. शिळफाटा येईपर्यंत असं चार वेळा झालं.

कलावती छापखान्यात पाकिटांना खळ लावत बसली होती. पंढरीने तिला सगळं सांगितलं, वकिलाच्या आत्याबाईंसकट. ऐकताना तिचा हात थांबला नाही.

“म्हंजे वाचलो,” ती म्हणाली.

“वाचलो काय, वरती गेलो. नागपूरला जाईल पोरीचं.”

“पोरीचं काय जाईल? नाव तर नाय ना.”

“नाव नाय. पन मोहीम तिचीच ना.”

कलावतीने पाकीट बाजूला ठेवलं. “मालू, तुला काय वाटतं गो? आपला बाबा हुरळला, तो त्याचा. तू बोल.”

मालूला उभं राहून बोलायचं होतं, पण उभी राहायला जागा नव्हती. पाचशे प्रतींचे गठ्ठे सुतळीने बांधलेले तिच्या पायाशीच होते. ती त्यांतल्या एकावर बसली.

“मी सोमवारी टिपणीसकाकांना पत्र पाठवणार,” ती म्हणाली. “मोहीम देणार नाही. वाटलं तर राग येऊ दे त्यांना, पण ठरलंय तसं सगळं करू, बारा पॉइंट, तळाशी, संबंध नाही. उद्यापासून मुखपृष्ठं बदलायची, चित्रा आणि सरोज येतायत. वर माझं नाव, बाबा, चोवीस पॉइंटात, लहान आहे म्हणून बारीक नाही. आणि सहावी मोहीम मी दहावीची परीक्षा झाल्यावर लिहीन. त्याआधी कोणी कितीही म्हटलं तरी लिहिणार नाही, तुम्ही दोघं म्हणालात तरीसुद्धा नाही.”